फरासखाना ते व्हॅक्यूम क्लीनर : गालिचा झाडणाऱ्या हातांचा आणि हत्यारांचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/ पुण्याच्या बुधवार पेठेतून जाताना ‘फरासखाना पोलीस ठाणे’ ही पाटी आपण अनेकदा पाहिली असेल. फरासखाना म्हणजे काय, असे विचारले तर बहुतेकांना ठाणेच आठवते. पण हा शब्द मुळात पोलिसांचा नाही, गालिच्यांचा आहे. त्याच शब्दाचे बोट धरून आज एका दुर्लक्षित इतिहासाकडे जाऊ : गालिचे आणि मढवलेल्या खुर्च्या-बैठका स्वच्छ करणाऱ्या व्यावसायिकांच्या हातातील हत्यारांचा इतिहास.

२/ ‘फर्श’ या अरबी शब्दाचा अर्थ अंथरलेली वस्तू. आपली ‘फरशी’ त्यातूनच आली. अंथरण्याचे काम करणारा तो फर्राश, मराठीत फरास. तंबू, कनाती, गालिचे, जाजमे, लोड-तक्के यांचे कोठार आणि खाते म्हणजे फरासखाना. शिवकाळातील अठरा कारखान्यांच्या यादीत जामदारखाना, तोफखाना, पीलखाना यांच्या पंक्तीला फरासखान्याचेही नाव येते. पेशवाईतील या खात्याची आठवण पुण्याने ठाण्याच्या नावात जपली आहे.

३/ हे खाते किती मोठे असू शकते? अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही छावणीच्या लवाजम्याची मोजदाद आहे : १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या, आणि त्यांच्यासोबत इराण, तुराण व हिंदुस्थानातील १,००० फर्राश. इतिहासाच्या पुस्तकांत हत्ती आणि उंट ठळकपणे येतात. रोज गालिचा उलगडणारे, झाडणारे आणि पुन्हा गुंडाळणारे हे हजार लोक मात्र एका आकड्यात मावून जातात.

४/ गालिचा झाडणे हे वरवरचे काम वाटते. तसे ते नाही. गालिच्याच्या पृष्ठावर उभ्या धाग्यांची दाट लव असते. वर दिसणारी धूळ हा त्याचा खरा शत्रू नव्हे. जड वाळूचे कण लवेतून खाली उतरतात आणि धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसतात. त्यावर पाऊल पडले की कणांच्या धारदार कडा मुळावर घासतात. वर्षानुवर्षे हे चालले की धागा तुटतो आणि गालिचा ‘झिजला’ असे आपण म्हणतो. पुष्कळदा तो झिजलेला नसतो, आतून कापला गेलेला असतो.

५/ म्हणून गालिच्याच्या हत्याराला तीन कामे करावी लागतात. पहिले, रुतलेली धूळ सुटी करणे. दुसरे, ती उचलणे. तिसरे, ती पुन्हा खोलीत उडू न देता कोंडून ठेवणे. आणि हे सारे विणीला इजा न करता. पुढील प्रत्येक हत्यार या कसोट्यांवर तपासून पाहा. दोनशे वर्षांचा शोधप्रवास याच तीन शब्दांभोवती फिरतो : सुटी करणे, उचलणे, कोंडणे.

६/ पहिली कसोटी उत्तम पार करणारे हत्यार म्हणजे वेताचे झोडपणे. वेत वळवून केलेला जाळीदार, पसरट पंजा आणि त्याला लांब मूठ. गालिचा दोरीवर उलटा टाकून पाठीमागून झोडपला की खोल रुतलेली वाळू खाली गळते. युरोपात एकोणिसाव्या शतकात हा घरोघरचा विधी होता आणि पैसे घेऊन गालिचे झोडपून देणारेही होते. पण सुटी झालेली धूळ जाई कुठे? झोडपणाऱ्याच्या छातीत आणि शेजाऱ्याच्या घरात.

७/ लंडनमध्ये हा प्रश्न थेट कायद्यापर्यंत पोहोचला. १८३९ च्या महानगर पोलीस कायद्याने सार्वजनिक रस्त्यावर गालिचा किंवा चटई झोडपणे, झटकणे हा दंडनीय गुन्हा ठरवला. सवलत एकच होती : सकाळी आठच्या आत दारातले पायपुसणे झटकता येई. गंमत वाटेल, पण या कलमातून तिसऱ्या कसोटीचे महत्त्व कळते. कोंडून न ठेवलेली धूळ ही साफसफाई नसून केवळ स्थलांतर असते.

८/ झोडपण्याची निवडही विचारपूर्वक करावी लागे. वेत लवचिक, त्यामुळे फटका पसरतो. काठी किंवा लोखंडी सळईचा फटका एका रेषेत बसतो आणि विणीचा धागा दुखावतो. वेताचे एखादे टोक बांधणीतून सुटले तर ते प्रत्येक फटक्याला लवेत अडकून धागे ओढते. अशा वेळी टोक कापून पुन्हा घट्ट बांधणे, ही दुरुस्ती पाच मिनिटांची. ती टाळली तर नुकसान मात्र गालिच्याच्या आयुष्यभराचे.

९/ दुसरे जुने हत्यार म्हणजे कुंचा किंवा ब्रश. तो धूळ ढकलतो आणि थोडी उडवतोही. व्हिक्टोरियन घरांत यावर एक साधी युक्ती होती. वापरलेली, ओलसर चहाची पाने गालिच्यावर पसरायची आणि मग झाडायचे. ओलाव्यामुळे धूळ पानांना चिकटते व हवेत कमी उडते. कसोटी क्रमांक तीनवर शोधलेले हे स्वयंपाकघरातील उत्तर. अट एकच : पाने पिळून घेतलेली असली पाहिजेत, नाहीतर फिकट गालिच्यावर चहाचा डाग कायमचा.

१०/ मढवलेल्या खुर्च्यांचे काम त्याहून अवघड. सोफा दोरीवर टाकून झोडपता येत नाही. आत घोड्याचे केस भरलेले, वर बटणे टाचून केलेले खोल खळगे, त्यावर मखमल. फटका मारला की आतली धूळ वर येते आणि पुन्हा तिथेच बसते. खळग्यात पोहोचायला अरुंद ब्रश हवा, मखमलीसाठी मऊ केसांचा, जाड कापडासाठी राठ केसांचा. ‘एकच हत्यार सर्वत्र’ हा विचार इथे पहिल्यांदा हरतो.

११/ आता अटलांटिकपलीकडे, अमेरिकेतील मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स या गावी जाऊ. मेलव्हिल आणि ॲना बिसेल हे दांपत्य तिथे चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान चालवत होते. भांडी लाकडाच्या भुशात बांधून येत. तो भुसा दुकानातील गालिच्यात रुतून बसे आणि काही केल्या निघत नसे. या त्रासातून मेलव्हिल बिसेलने ढकलून चालवायचा झाडू-गाडा तयार केला आणि १८७६ साली त्याचे पेटंट घेतले.

१२/ त्याची रचना आजही समजून घेण्यासारखी आहे. गाडा ढकलला की चाके फिरतात, चाकांच्या घर्षणाने आडवा गोल ब्रश फिरतो, ब्रश कचरा उचलतो आणि आतल्या पेटीत टाकतो. वीज नाही, इंजिन नाही. उचलणे आणि कोंडणे या दोन कसोट्या या हातहत्याराने एकत्र पार केल्या. सारा भार ब्रशवर. ब्रश झिजला, त्याला केस-दोरे गुंडाळले गेले किंवा चाक घसरू लागले, की उरते ती केवळ चाकांवरची पेटी.

१३/ हे ब्रश बनत कसे? डुकराच्या राठ केसांच्या जुड्या दोऱ्याने बांधायच्या, गरम डांबरात बुडवायच्या, ब्रशच्या लाकडी रुळात बसवायच्या आणि शेवटी कात्रीने एकसारख्या छाटायच्या. सुरुवातीच्या काळात हे काम गावातील स्त्रिया आपापल्या घरी करत आणि ॲना बिसेल ते गोळा करीत फिरत असे. डुकराच्या केसाचे टोक निसर्गतः फाटलेले असते, म्हणून बारीक धूळ त्याला धरून राहते. साधनाची निवड अशी केसाच्या टोकापर्यंत जाते.

१४/ १८८४ मध्ये बिसेलचा कारखाना आगीत जळाला. ॲनाने बँकांकडून कर्ज मिळवून तो पुन्हा उभा केला. १८८९ मध्ये मेलव्हिल वारला आणि कंपनीची सूत्रे तिच्या हाती आली. मोठ्या कंपनीचे प्रमुखपद सांभाळणाऱ्या अमेरिकेतील पहिल्या काही स्त्रियांत तिची गणना होते. तिच्या काळात हा गाडा देशोदेशी पोहोचला. तरीही एक उणीव राहिलीच. ब्रश लवेच्या वरच्या थरापुरता. मुळाशी बसलेली वाळू तिथेच.

१५/ वाळूपर्यंत पोहोचायचे तर हवा हवी, हे काहींना आधीच सुचले होते. १८६० साली अमेरिकेतील आयोवा राज्याच्या डॅनियल हेसने ब्रशला भाता जोडलेल्या यंत्राचे पेटंट घेतले. १८६९ साली आयव्हझ मॅकगॅफीने हाताने फिरवायच्या पंख्याचे यंत्र काढले. पण एका हाताने ढकलायचे आणि दुसऱ्या हाताने पंखा फिरवायचा, ही कसरत होती. कल्पना योग्य होती, पण माणसाच्या हाताला ती पेलणारी नव्हती.

१६/ १९०१, लंडन. एम्पायर म्युझिक हॉलमध्ये एका अमेरिकी यंत्राचे प्रात्यक्षिक होते. ते दाबाखालची हवा गालिच्यात फुंकत असे, या आशेने की धूळ उडून वरच्या पेटीत पडेल. पाहणाऱ्यांत ह्युबर्ट सेसिल बूथ हा पूल आणि राक्षसी पाळणे उभारणारा तरुण अभियंता होता. त्याने यंत्रकर्त्याला विचारले, फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही? ते अशक्य आहे, असे रागाने सांगून तो माणूस निघून गेला.

१७/ बूथने त्यानंतर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील एका उपाहारगृहात त्याने मखमली खुर्चीच्या पाठीला तोंड लावले आणि जोरात श्वास ओढला. धुळीने त्याचा जीव गुदमरला, पण सिद्धान्त पटला. लक्षात घ्या : पहिला प्रयोग गालिच्यावर नव्हे, तर वर सांगितलेल्या त्या अवघड, मढवलेल्या खुर्चीवर झाला. आणि त्यातले पहिले ‘हातहत्यार’ होते माणसाचे तोंड.

१८/ १९०१ मध्येच बूथने पेटंट घेतले. त्याचे यंत्र घोडागाडीवर बसवलेले, लालभडक रंगाचे, तेलाच्या इंजिनावर चालणारे. ते घरात शिरत नसे. रस्त्यावर उभे राही आणि गणवेशधारी कामगार लांब नळ्या खिडक्यांतून आत नेत. बूथने यंत्र विकण्याऐवजी सेवा विकली. गालिचे-बैठकांची व्यावसायिक साफसफाई हा आधुनिक धंदा इथे आकाराला आला. धूळ जाताना दिसावी म्हणून नळीत काचेचा भागही ठेवलेला असे.

१९/ १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबेमधील गालिचे या यंत्राने स्वच्छ झाले. राजाने बकिंगहॅम आणि विंडसर या वाड्यांसाठी यंत्रे घेतली. पहिल्या महायुद्धात क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवलेल्या नौसैनिकांत साथ पसरली, तेव्हा बूथच्या १५ यंत्रांनी तिथून २६ टन धूळ काढल्याचे नोंदले आहे. धूळ हा आता केवळ नीटनेटकेपणाचा विषय उरला नव्हता, आरोग्याचा झाला होता.

२०/ विंडसरचा उल्लेख आलाच आहे, तर एक भारतीय दुवा पाहू. तिथल्या वॉटर्लू दालनातील प्रचंड गालिचा आग्र्याच्या तुरुंगातील कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणला होता. त्याचे वजन सुमारे २ टन. नोव्हेंबर १९९२ मध्ये विंडसरला आग लागली तेव्हा सुमारे ५० सैनिकांनी तो गुंडाळून बाहेर नेला आणि वाचवला. इतक्या यंत्रांच्या युगात शेवटी कामी आले ते फरासाचे मूळ कौशल्य : गालिचा नीट गुंडाळून हलवणे.

२१/ बूथच्या यंत्रात लोकांना दिसे ते इंजिन. खरे काम होई नळीच्या टोकाला असलेल्या फटीत. फट अरुंद असेल तर तेवढीच हवा अधिक वेगाने आत शिरते. हवा सर्व बाजूंनी येते, त्यामुळे टोक गालिच्यापासून बोटभर जरी उचलले तरी वेग झपाट्याने पडतो. उलट, टोक इतके घट्ट दाबले की हवेला वाटच उरली नाही, तर ओढ पुष्कळ जाणवते पण धूळ हलत नाही. धूळ उचलते ती वाहती हवा. हा तोल साधणे कामगाराच्या मनगटाचे काम.

२२/ टोकाचे हे महत्त्व सर्वांत आधी कोणाला कळले? ज्याची छाती दुखत होती त्याला. ओहायोतील कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर एका दुकानात झाडलोटीचे काम करी. वय साठीच्या उंबरठ्यावर, त्यात दमा. गालिच्यावर झाडू-गाडा फिरवताना उडणाऱ्या धुळीने त्याचा दमा बळावत होता. पण तो नुसता सफाई कामगार नव्हता. शेतीच्या अवजारांची पेटंटे त्याच्या नावावर आधीच होती. मोडलेले जोडण्याची नजर त्याच्याकडे होती.

२३/ १९०७ मध्ये त्याने हाताशी असलेल्या वस्तू जोडल्या : पंख्याची विजेची मोटर, एक खोके, झाडूचा दांडा आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. त्याने फिरता ब्रश आणि हवेची ओढ एकाच तोंडात आणली. ब्रश धूळ सुटी करतो, हवा ती उचलते, पिशवी ती कोंडते. तिन्ही कसोट्या एका माणसाच्या हातात आल्या. २ जून १९०८ रोजी पेटंट मिळाले आणि ते विल्यम हूव्हर या चामड्याच्या व्यापाऱ्याने विकत घेतले.

२४/ पुढे जगभर नाव झाले ते हूव्हरचे. इंग्लंडमध्ये तर ‘हूव्हर’ हे क्रियापदच बनले. १९२६ मध्ये त्या कंपनीने ब्रशाच्या रुळावर धातूच्या उठावदार पट्ट्या बसवल्या. त्या गालिच्यावर हलके ठोके देत, वाळू झटकून वर आणत. पाहा, दोरीवरचे वेताचे झोडपणे फिरून यंत्राच्या पोटात आले! जुने हत्यार चुकीचे नव्हते, त्याला केवळ धूळ कोंडणारा जोडीदार हवा होता.

२५/ आजच्या व्यावसायिकाच्या हाती असते ओले काम करणारे हत्यार. त्याला बोलीत ‘स्टीम’ म्हणतात, पण त्यातून बहुधा वाफ येत नाही. बारीक छिद्रांतून गरम पाणी फवारले जाते आणि शेजारची फट ते लगेच ओढून घेते. निवडीचा नियम जुनाच. गालिच्याला रुंद तोंड, सोफ्याला अरुंद. नाजूक कापडाला फवारा तोंडाच्या आत असलेले, म्हणजे पाणी खोल मुरत नाही. सुती व ताग मिश्रित कापड अति भिजले तर तपकिरी छटा धरते, लोकर ओली असताना घासली तर तिचा नमदा होतो.

२६/ दुरुस्तीचे शहाणपणही बूथच्या नळीइतकेच जुने. छिद्र क्षारांनी बुजले तर सुई खुपसू नये. छिद्र मोठे होते आणि फवारा बिघडतो. व्हिनेगरमध्ये भिजवून क्षार विरघळू द्यावेत. तोंडाच्या धातूच्या कडेवर खरवड आली तर बारीक पॉलिश पेपरने ती गुळगुळीत करावी, नाहीतर ती धागे ओढते. ओढ कमी वाटली तर मोटरला दोष देण्याआधी नळीचे सांधे आणि रबरी रिंग तपासावी. फिरत्या ब्रशच्या दोन्ही टोकांचे केस कात्रीने कापावेत. नंतर कडेवरून बोट फिरवून पाहावे. बोटाला टोचते ते गालिच्यालाही टोचते.

२७/ भारतीय मध्यमवर्गाच्या दारात हे यंत्र आले ते प्रामुख्याने १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सच्या विक्रेत्यांमुळे. टाय लावलेला तरुण आपल्याच सोफ्यातली धूळ कापडावर काढून दाखवी आणि घरमालक ओशाळत. बूथच्या नळीतली काच आणि हे कापड, युक्ती एकच : न दिसणारी धूळ दाखवणे.

२८/ या इतिहासात इंजिनांची आणि कंपन्यांची नावे उरली. पण प्रत्येक वळणावर निर्णय झाला तो गालिच्याला टेकणाऱ्या चार बोटांच्या टोकाशी, आणि ते टोक बांधणारे, छाटणारे, बदलणारे हात बहुधा निनावी राहिले. ब्रश बांधणाऱ्या ग्रँड रॅपिड्सच्या स्त्रिया, बूथचे गणवेशधारी कामगार, छावणीतले हजार फर्राश. स्पँग्लरचे नाव आपल्याला माहीत आहे, ते त्याने पेटंट घेतले म्हणून.

२९/ पुढच्या वेळी घरी सोफा धुवायला कोणी आले तर त्याची पेटी जरूर पाहा. किती तोंडे आहेत, किती ब्रश आहेत, कडा गुळगुळीत आहेत का, आणि त्याने नाकाला फडके बांधले आहे का. त्याच्याशी दोन शब्द बोला. गालिच्याच्या लवेविषयी त्याला जे ठाऊक आहे ते क्वचितच लिहून ठेवले जाते. आणि बुधवार पेठेतून जाताना ती पाटी पुन्हा एकदा वाचा.